पान उलटून बघितलं का?

"बाजूवाल्यानं जे मारलं, तेच दे भाऊ."

चोपड्याच्या कृषी दुकानात माझ्यापुढे उभे असलेले एक शेतकरी बाबा बोलले आणि दुकानदारानं लगेच पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची बाटली काउंटरवर ठेवली. बाबांनी खिशात घडी करून कपाशीचं पान आणलं होतं. ते कोणी मागितलंच नाही.

मी मागितलं. वरून लालसर पडलेलं. उलटलं तर शिरांजवळ बारीक जाळी आणि त्यात सरकणारे लाल ठिपके. लाल कोळी! हा कीटकच नाही, आठ पायांचा जीव. पावसानं ताण दिला की वाढतो. त्यावर पायरेथ्रॉइड मारलं की त्याला खाणारे मित्रकीटक आधी मरतात, कोळी अजूनच उसळतो. त्याला कोळीनाशकच लागतं. पानातला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचंसुद्धा तसंच: दर पानाला सरासरी 2-3 दिसले तर फवारायचं, बाजूवाल्यानं पंप काढला म्हणून नाही.

बाबा म्हणाले, "पान उलटायला सांगतं कोण पोरा?"

बाटली मात्र घेऊनच गेले. खातं त्याच दुकानात, बियाण्यापासूनची उधारी कापूस विकल्यावर फिटणार. अशा माणसानं काउंटरवर 'हे नको' म्हणायचं तरी कसं?