चार हजारांपाशी पडलेली खाच

इंग्लंडमध्ये लीड्सला परतून आठवडा झाला, तरी वडोदऱ्यात काढलेला कानांचा आलेख अजून माझ्या हत्यारांच्या पिशवीतच आहे. दांडिया बाजारातल्या घरी सुट्टीवर आलो असताना आईच्या श्रवणयंत्रासाठी तपासणीला गेलो होतो आणि आलोच आहे तर आपलेही कान पाहून घ्यावेत म्हणून मी त्या बंद खोलीत बसलो. आईच्या कागदावरची रेघ (जितकी खाली तितके ऐकू कमी) वरच्या स्वरांकडे जाताना उतरली ती उतरलीच, ती वयाची खूण. माझी मात्र 4000 हर्ट्झपाशी खाली जाऊन 8000पाशी पुन्हा वर आली होती. "कारखान्यात काम करता का?" असे तपासणाऱ्या बाईंनी विचारले. मी पियानो सुरात लावतो, हे ऐकून त्यांना हसू आले.

त्यांचे हसणे स्वाभाविक होते, कारण सूर लावणे म्हणजे कान देऊन हळुवार ऐकणे, असेच आपल्याकडे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पियानोच्या 88 पट्ट्यांमागे सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांतली प्रत्येक सत्तर-ऐंशी किलोच्या ताणाने ओढलेली असते. खुंटी फिरवली तरी तो ताण घोडीपर्यंत सारखा पोहोचत नाही, मध्ये घर्षणाने अडतो. तो सारखा व्हावा आणि वादकाच्या पहिल्याच जोरकस आघाताला तार उतरू नये, म्हणून ट्यूनरला पट्टी स्वतःच जोराने आणि पुन्हापुन्हा ठोकावी लागते. उभ्या पियानोचे पुढचे झाकण काढलेले असते आणि कान तारांपासून हातभर अंतरावर असतो. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 91ला फक्त दोन तास. आणि ऑगस्टमध्ये शाळा बंद असताना मी दिवसाला चार-पाच पियानो लावतो. गोंगाटाने कान प्रथम 4000च्या आसपास झिजतो. पियानोची सर्वांत उजवीकडची पट्टी 4186 हर्ट्झला वाजते.

ब्रिटनमध्ये दिवसाची सरासरी 85 डेसिबलवर गेली की कानांचे संरक्षण बंधनकारक होते आणि संगीताच्या क्षेत्रालाही 2008 पासून हा नियम लागू आहे. तो मला ठाऊक होता, तरीही मी कानांत बोळे घालत नव्हतो, आणि त्याला कारण मामा. मामा वडोदऱ्यातल्या रावपुऱ्यात चाळीस वर्षे हार्मोनियम दुरुस्त करत आहेत. 1886 साली गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झालेल्या या गावात कान झाकून सूर लावणे म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवण्यासारखेच समजले जाते. (खांद्याचे दुखणे, ग्रँड पियानोवर वाकून धरलेली कंबर, तुटून उसळणारी तार, जुन्या पट्ट्यांतल्या शिशाच्या वजनांवर साचणारी पांढरी भुकटी, यांची काळजी मी पहिल्यापासून घेत आलो, दुर्लक्ष केले ते नेमके कानांकडे.)

परत निघण्याच्या आदल्या दिवशी मी संगीतकारांसाठी बनवलेले बोळे घेऊन मामांकडे गेलो. साधे फोमचे बोळे वरचे स्वर अधिक दाबतात, त्यामुळे वाद्य गोधडीखाली वाजल्यासारखे वाटते. संगीतकारांच्या बोळ्यांतली गाळणी सगळे स्वर जवळपास सारखेच, पंधरा डेसिबलने उतरवते. "बोळे घालून सूर कसा ऐकू यायचा रे?" असे म्हणतच त्यांनी ते घातले आणि दुहेरी रीडच्या (रीड म्हणजे सूर देणारी पितळेची जीभ) पेटीवर एक पट्टी दाबली. दोन रीड किंचित वेगळी होती, सूर डोलत होता. एक 440 आणि दुसरे 441 हर्ट्झला असेल तर सेकंदाला एक हेलकावा येतो, आणि दोन्हींचा आवाज सारखाच कमी केला तरी त्या हेलकाव्याचा वेग बदलत नाही. मामांनी डोळे मिटून, बोटावर मोजत ऐकले. एक बोळा काढून पुन्हा मोजले.

"डोल तेवढाच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी उतरलेले रीड काढले, सूर चढवण्यासाठी टोकाकडून कानस फिरवली आणि पितळेची भुकटी नेहमीप्रमाणे तोंडाने फुंकून उडवली. बोळे त्यांनी कानशींच्या डब्यात ठेवून घेतले आहेत. मास्क पुढच्या खेपेला नेईन.