निवेदन कापायचं नाही

रविवार, रात्री उशिरा

नवी दोन टीबीची हार्ड डिस्क आज एकदाची कामाला लावली. लॅपटॉप गाण्यांनी गच्च भरलाय, नवीन काही ठेवायला जागाच नाही. डिस्क आधी एक्सफॅट या फाइल ठेवायच्या पद्धतीत फॉरमॅट करून घेतली, म्हणजे माझ्या विंडोजवरही चालेल आणि ताईच्या मॅकवरही.

सगळ्यात आधी बाबांच्या कॅसेटी. त्या संगणकावर उतरवून झाल्यात कधीच, पण वेव्ह, म्हणजे आवाज जसाच्या तसा न आवळता ठेवणाऱ्या फाइली फार जागा खातात. सीडीच्या दर्जाने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटने घेतलं, तर नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटला ९०० एमबीच्या आसपास लागतात. फ्लॅक या प्रकारात आवळून ठेवलं की बहुतेक वेळा निम्म्यावर येतं आणि आवाजातलं काहीही गळत नाही. एमपीथ्रीत अजून कितीतरी कमी जागा लागली असती, पण त्यात आवाजातलं थोडं गळतं, आणि ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, ते मी असं गाळून ठेवणार नाही.

या मोठ्या फाइली भराभर गेल्या. मग हजारो एमपीथ्रींचं फोल्डर आलं आणि वेग एकदम बसला. प्रत्येक लहान फाइलची नोंद डिस्कवर वेगळी करावी लागते, त्यामुळे वेळ लागतोच. तेवढ्यात मी नावं बघायला बसले, आणि संध्याकाळ त्यातच गेली.

‘ट्रॅक ०१’. ‘साइड बी’. ‘पंडितजी जुनं’. काही ठिकाणी कुणीतरी मराठीत टॅग, म्हणजे फाइलच्या आत गाण्याची माहिती भरलेली, तिची नुसती प्रश्नचिन्हं झालेली. कोण गातंय ते आवाजावरून कळतं. पण तबल्यावर कोण? पेटीवर कोण? कुमारजींच्या, म्हणजे कुमार गंधर्वांच्या मैफलीत वसंतराव आचरेकरांचा तबला आणि गोविंदराव पटवर्धनांची पेटी असेल, तर ते गाणं त्या तिघांचं असतं. ऑनलाइन ऐकताना बहुतेक वेळा एकट्या गायकाचं नाव दिसतं, याचा मला मनापासून राग येतो.

बाबांनी मात्र हे जपलं. आकाशवाणीवर १९५२ साली सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ते शनिवारी रात्री टेप करत. टेप वाचवायला बरेच जण निवेदन संपल्यावर बटण दाबायचे. बाबा आधीच दाबून ठेवायचे. त्यामुळे एका कॅसेटवर सुरुवातीला थोडी खरखर आहे, मग निवेदिकेचा स्वच्छ, संथ आवाज: राग, विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल, मग तबला, संवादिनी, सारंगी अशी एकेकाची नावं. त्यामागे तानपुरे आधीच सुरू झालेले. माझ्या ओळखीतले एक संग्राहक अशी निवेदनं कापून ‘फक्त गाणं’ ठेवतात. मी कापणार नाही. त्या साथीदारांची नावं कित्येकदा तेवढ्या एकाच ठिकाणी उरलेली असतात.

फ्लॅकमध्ये टॅगचे हवे तेवढे रकाने वाढवता येतात. रकान्याचं नाव रोमनमध्ये द्यावं लागतं, आतला मजकूर देवनागरीत चालतो. म्हणून तबला, पेटी, सारंगी, ठिकाण, वर्ष आणि ‘कुठून मिळालं’ असे रकाने केले. जिथे माहिती नाही तिथे अंदाज ठोकायचा नाही, सरळ ‘अज्ञात’ लिहायचं. चुकीचं नाव एकदा चिकटलं की प्रत्येक प्रतीबरोबर पुढे जात राहतं.

बाबांनी कॅसेटच्या आतल्या कार्डांवर निळ्या शाईने बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. त्या कार्डांचेही फोटो काढले आणि त्या त्या फोल्डरमध्ये ठेवले. काही कार्डांना बुरशी लागलीय. आमच्याकडच्या पावसाळ्यात टेपवरही पांढरी बुरशी धरते. या कॅसेटी वेळेत उतरवल्या गेल्या, याचं आज फार बरं वाटलं.

कॉपी संपल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम, म्हणजे प्रत हुबेहूब आहे का ते सांगणारे आकडे, ताडून पाहिले. सगळं जुळलं. तरी लॅपटॉपवरचं इतक्यात पुसणार नाही. हार्ड डिस्कही कधीतरी बंद पडतेच, तेव्हा आधी दुसरी डिस्क भरून ताईकडे नाशिकला पाठवायची.

‘अज्ञात’ची यादी मात्र बरीच लांब झालीय. आमच्या ओळखीचे एक वयस्कर तबलजी आहेत, ते नुसत्या हातावरून वादक ओळखतात. त्यांच्यासाठी प्रत्येक फाइलमधला दोन-दोन मिनिटांचा तुकडा वेगळा काढायला घेतलाय.