तिसरीच्या वर्गातली गव्हाण

डिसेंबर लागला की जपानी शाळेत परदेशी शिक्षकाचा भाव एकदम वधारतो. एरवी मी शिक्षकखोलीत कॉपी मशीनशेजारच्या टेबलावर बसणारी एएलटी, म्हणजे इंग्रजीच्या तासाला वर्गशिक्षिकेच्या मदतीला उभी राहणारी बाई. पण नाताळ जवळ आला की सगळ्यांना आठवतं, अरे, ही तर परदेशी! म्हणजे हिला ख्रिसमस येत असणारच. पोहायला यावं तसा. तुम्ही अमेरिकेतून या, जमैकातून या, फिलिपिन्सहून या, सांताचा लाल झगा तुमच्याच मापाचा.

माझ्या बाबतीत गंमत अशी की मला तो खरंच येतो. मी वसईची. घरी सामवेदी ही आमची बोली बोलतो, चर्चमध्ये मिस्सा मराठीतून ऐकतो, आणि नाताळच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या आळीत कुणी वेळेवर जेवत नाही, कारण सगळे येशूच्या जन्माच्या देखाव्यासाठी गोठा बांधायला गेलेले असतात. पुण्यात जपानी शिकले, परीक्षा दिल्या आणि नागासाकी शहरातल्या प्राथमिक शाळांवर फिरतीची नोकरी लागली. अमुक वारी अमुक शाळा. ही शाळा डोंगराच्या उतारावर आहे, पायऱ्या चढून फाटकाशी पोचेपर्यंत थंडीतही स्वेटर काढावासा वाटतो.

इथल्या ख्रिसमसशी मात्र माझी ओळख नव्याने करून घ्यावी लागली. 25 डिसेंबरला सुट्टी नसते. 24च्या संध्याकाळी जोडपी रोषणाई बघायला जातात, मुलंबाळं असलेली घरं तळलेलं चिकन आणतात. केएफसीने 1974 मध्ये ‘ख्रिसमसला केंटकी’ अशी जाहिरात देशभर चालवली आणि ती अशी रुजली की आज आधी नोंदणी केली नाही तर रांगेत उभं राहावं लागतं. जोडीला पांढऱ्या क्रीमचा, वर लाल स्ट्रॉबेरी लावलेला स्पंज केक. सांता भेटी उशाशी ठेवून जातो. येशूचा या सगळ्यात पत्ता नाही. मला याचा राग वगैरे येत नाही. आमच्याकडेही सांता हल्ली टेम्पोवर उभा राहून डीजेच्या तालावर नाचत फिरतो, तो तरी कुठल्या शुभवर्तमानात लिहिलाय?

तर तो दिवस 23 डिसेंबरचा. 2018 पर्यंत या तारखेला देशभर सुट्टी असे, तेव्हाचे सम्राट आकिहितो यांचा वाढदिवस म्हणून. आता तो साधा कामाचा दिवस आहे. दुसऱ्या दिवशी सत्रसमाप्तीचा समारंभ आणि प्रगतिपुस्तकं, म्हणजे शिकवण्याचा हा शेवटचा पूर्ण दिवस. सकाळी उपमुख्याध्यापकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून झगा, दाढी आणि टोपी माझ्या टेबलावर ठेवली. त्याबरोबर सूचना एकच: सांता कोण असतो याबद्दल वरच्या वर्गातसुद्धा एक अक्षर काढायचं नाही. धाकटी भावंडं खालच्या वर्गांत आहेत.

दुसऱ्या तासाला पहिलीत सांता होऊन गेले. दाढी नाकात जात होती. ‘हो हो हो’ म्हटलं. चाळीस डोळे माझ्या चेहऱ्यावरून खाली खाली सरकले आणि पायांपाशी थांबले. पायांत शाळेत घालायचे माझे पांढरे कापडी बूट होते, बाजूला निळ्या मार्करने माझं नाव लिहिलेलं. पहिल्या बाकावरची मुलगी वाचायला नुकतीच शिकली होती. तिने ते मनातल्या मनात वाचलं, ओठ हलताना दिसले. मग तिने मान वर केली आणि अदबीने विचारलं, “सांता-सान, इंग्रजीच्या बाई आज आल्या नाहीत का?” ताप आला म्हणून घरी आहेत, असं सांताने सांगितलं. “काळजी घ्यायला सांगा,” ती म्हणाली. जपानी माणूस सहा वर्षांचा असला तरी समोरच्याची अडचण ओळखतो.

तिसरा तास तिसरीचा. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, वर्षाला 70 तास, गुणांसकट. तिसरी-चौथीला 35 तास आणि गुण नाहीत, त्यामुळे मला तेच वर्ग जास्त आवडतात. तिसरीच्या पुस्तकातला सातवा धडा बरोबर या दिवसांत येतो. वर्गात दुकानं मांडायची, दुकानात रंगीत कागदांचे कापलेले आकार विकायला ठेवायचे, मुलांनी इंग्रजीत मागून घ्यायचे आणि त्यांचं शुभेच्छापत्र बनवायचं. “व्हॉट डू यू वॉन्ट?” “अ स्टार, प्लीज.” “हिअर यू आर.” पाच मिनिटांत वर्गाचा मंडईतला शनिवार होतो. हिरवे त्रिकोण सगळ्यांत आधी संपतात, कारण तीन त्रिकोण एकावर एक चिकटवले की झाड तयार. पांढरी वर्तुळं त्यामागोमाग, स्नोमॅनसाठी.

खिडकीजवळ एक मुलगा बसतो. वर्षभरात त्याच्या तोंडून ‘हॅलो’च्या पलीकडे मी काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तो दुकानाशी तीनदा आला. आधी तपकिरी आयत. मग आणखी तपकिरी आयत. मग निळा त्रिकोण, एकच, आणि पिवळी चांदणी, तीही एकच. दुकानदारीण मुलीने विचारलं, हिरवे नकोत का, शेवटचे दोन उरलेत. “नो, थँक यू,” तो म्हणाला. स्पष्ट.

मी फिरत फिरत त्याच्या बाकाशी गेले. आयतांच्या दोन भिंती आणि वर तिरकं छप्पर. छपरावर चांदणी. आत एका बाजूला निळ्या त्रिकोणावर गोल डोकं, म्हणजे निळा पदर घेतलेली बाई. दुसऱ्या बाजूला तपकिरी माणूस. मधे एक छोटा चौकोन, आणि त्याच्यावर कात्रीने कापलेल्या पिवळ्या कागदाच्या सुताइतक्या बारीक पट्ट्या. गवत. गवतावर कुणी नव्हतं.

शेजारच्या मुलाने डोकावून पाहिलं. “कुत्र्याचं घर?”

“उमागोया,” तो म्हणाला. घोड्यांचा तबेला.

“मग घोडा कुठाय?”

आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “व्हेअर इज द बेबी?”

त्याने चटकन वर पाहिलं. ‘बेबी’ त्याला कळलं होतं. “अजून नाही,” तो जपानीत म्हणाला, “चोवीसच्या रात्री.”

वसईत आमचा गोठा म्हणजे नुसता गोठा नसतो. विहीर असते, विहिरीवर रहाट असतो, केळीचं बन, मेंढरं, कधी कधी मागून वसई-विरार लोकलसुद्धा जाते. पण पंधरा दिवस ही सगळी मांडामांड झाली तरी गव्हाण रिकामीच. बाळ मध्यरात्रीच्या मिस्सेला येणार. आमचे आजोबा ते कापसात गुंडाळून कपाटात, कुलपात ठेवत, आणि आम्ही पोरं किल्लीच्या मागावर. नागासाकीत, प्लास्टिकची कात्री आणि फेविस्टिक यांच्या पसाऱ्यात, कुणी आठ वर्षांचा मुलगा मला ‘अजून नाही’ म्हणून बजावेल असं वाटलं नव्हतं.

आता वर्गात कुजबुज सुरू झाली होती. कुठलं बाळ? कुणाचं? मी वर्गशिक्षिकेकडे पाहिलं. सरकारी शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, हे जपानच्या संविधानातही आहे आणि शिक्षणाच्या मूलभूत कायद्यातही, आणि अशा वेळी पुष्कळ शिक्षक हसून विषय बदलतात. या बाई नागासाकीच्याच. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि सरळ आवाजात सांगितलं, “ख्रिसमस हा या बाळाचा वाढदिवस. आपल्या गावात पुष्कळ घरांत तो असा करतात. पुढे समाजशास्त्रात येईलच.” बस्स, एवढंच.

एका पोराने हात वर केला. “मग केकवर मेणबत्त्या किती लावायच्या?”

“दोन हजारांहून जास्त.”

“केक पेटेल!” वर्ग हसला, आणि दुकानं पुन्हा सुरू झाली.

नागासाकीत हे वाक्य इतक्या सहज म्हणता येतं त्यामागे मोठा इतिहास आहे. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून 1549 मध्ये कागोशिमाला उतरले. पुढच्या काही दशकांत नागासाकी हे ख्रिस्ती बंदरच झालं. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि ती उठली थेट 1873 मध्ये. मधल्या काळात पाद्री नाही, चर्च नाही, तरी इथली काही गावं आणि बेटं प्रार्थना तोंडपाठ करून, लपवून, आजीकडून नातीकडे देत राहिली. 1865 मध्ये नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये जवळच्या उराकामी गावच्या शेतकरी बायका आल्या आणि त्यांनी फ्रेंच पाद्रीला दबक्या आवाजात सांगितलं की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. त्याच उराकामीवर 9 ऑगस्ट 1945ला अणुबॉम्ब पडला. तिथलं कॅथीड्रल जमीनदोस्त झालं, 1959 मध्ये पुन्हा उभं राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत मी तिसरीतच बसते. ताटात तळलेलं चिकन, सूप आणि वाटीएवढा केक होता. गैरहजर मुलाचा केक कुणी घ्यायचा यासाठी जान-केन-पोनच्या, म्हणजे दगड-कागद-कात्रीच्या, फेऱ्या चालू होत्या. तो मुलगा त्यात नव्हता. तो खुर्ची ओढून माझ्याकडे आला आणि नागासाकीच्या बोलीत त्याने माझी उलटतपासणी घेतली.

“भारतात चर्च असतं?”

“आमच्या गावात बरीच आहेत.”

“आत बूट काढता?”

“नाही.”

त्याचा घास हातातच राहिला. त्याची पणजी गोतो बेटावर राहते, तिथल्या जुन्या लाकडी चर्चमध्ये बूट बाहेर काढून जावं लागतं. बूट घालून देवासमोर जाणारे लोक ख्रिस्ती कसे, हा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तो मला त्याच्या चेहऱ्यावर दिसला. पत्र पणजीसाठीच होतं. पोस्टाने पाठवणार नव्हता. वर्षअखेरीला सगळे बोटीने जाणार, तेव्हा हातात देणार.

“पण मग बाळ?” मी विचारलं.

त्याने पेन्सिलची डबी उघडली. खोडरबराच्या खाली, कागदी रुमालाच्या घडीत, गुलाबी कागदाचा एक टिकलीएवढा गोल होता. डोळे काढलेले, मिटलेले. घडी पुन्हा नीट घातली आणि डबी खिशात टाकून तो व्हरांड्यात फडकं मारायला गेला. जेवणानंतर सगळी शाळा मुलांनी स्वतःच झाडायची असते.

दुपारी शिक्षकखोलीत वर्गशिक्षिका चहा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्या स्वतः बौद्ध. म्हणाल्या, तुम्ही भारतातल्या ख्रिस्ती, हे आज कळलं. मी म्हटलं, कुणी विचारलंच नाही. मग त्यांना गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगितली. नागासाकी स्टेशनसमोर निशिझाकाची टेकडी आहे. तिथे 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमावरून 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं. क्योतोहून भर हिवाळ्यात त्यांना पायी चालवत आणलं होतं. 1962 पासून तिथे त्यांचं ब्राँझचं शिल्प आहे, सव्वीस जण एका ओळीत, पाय जमिनीला न टेकलेले. त्यातला गोन्सालो वसईत जन्मलेला. वडील पोर्तुगीज, आई तिथलीच. तो जपानात इतका राहिला होता की फ्रान्सिस्कन पाद्रींचा दुभाषा झाला. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, आणि कॉलेजच्या पोरांना विचाराल तर निम्म्यांना तो जपानात काय करत होता ते सांगता येणार नाही. तेव्हा भाषेच्या कामावर वसईहून इथे आलेली मी काही पहिली नव्हे.

बाईंनी निशिझाकाला कितीतरी सहली नेल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या नकाशात वसई शोधायला घेतली. मुंबई सापडली, वर थोडं बोट सरकवून मी दाखवली. तेवढ्यात उपमुख्याध्यापक सांताचा झगा परत न्यायला आले. झगा घडी करता करता त्यांनी पुढचं काम सांगितलं: जानेवारीत पहिली-दुसरीसाठी भारतीय नववर्षाचा काहीतरी खेळ घ्या.

“आमचंही 1 जानेवारीलाच असतं,” मी म्हटलं. घराघराचं पंचांग समजावून सांगायची ती वेळ नव्हती. त्यांचा चेहरा पडला. म्हणून जोडून दिलं, “पण जानेवारीत आमच्याकडे पतंग उडवतात. एकमेकांचे कापतात.”

झग्याची घडी अर्ध्यावर राहिली. नागासाकीचा पतंग म्हणजे हाता, आणि वसंतात या डोंगरांवर त्याच्या काटाकाटीच्या लढती होतात, हे मला माहीत होतं. उपमुख्याध्यापक त्यातले जुने गडी आहेत हे माहीत नव्हतं.

“दोऱ्याला काच लावता?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

“लावायचे. आता बंदी आहे.”

“पूड कशात कालवायचे? आम्ही भाताच्या खळीत.”

मी वसईला भावाला मेसेज टाकला. उत्तर यायच्या आत त्यांनी टेबलाच्या खालच्या खणातून चकरी काढली होती.