सदाफुलीच्या पेशींत विनब्लास्टिन ‘सापडलं’, तर आधी शंका घ्या

मराठवाड्यात चार महिने पाणी नसलं तरी सदाफुली फुलत राहते. त्यामुळे इथल्या एमएस्सीच्या प्रकल्पांत ती हमखास असते. झाड फुकट मिळतं, पण त्यातल्या विनब्लास्टिनचा, म्हणजे कर्करोगावरच्या औषधाचा, खरा आकडा मिळत नाही.

कॅनडात नोबल आणि बीअर यांनी 1958 मध्ये वेगळं काढलेलं विनब्लास्टिन एक ग्रॅम हवं, तर वाळलेली पानं लागतात सुमारे 500 किलो. म्हणजे तुमच्या एक ग्रॅम भुकटीत ते जेमतेम 2 मायक्रोग्रॅम. अर्क 1 मिलीत घेऊन 20 मायक्रोलिटर सोडला, तर एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) कॉलमवर जातात 40 नॅनोग्रॅम. तेही सगळं हाती लागलं तर. पेशी-संवर्धनात, म्हणजे फ्लास्कमधल्या माध्यमात वाढवलेल्या पेशींत, तेवढंही नाही. विंडोलिन आणि कॅथरँथिन ही झाडातली दोन अल्कलॉइडं (नायट्रोजन असलेली क्षारधर्मी द्रव्यं) जोडून विनब्लास्टिन बनतं, आणि विंडोलिनच्या शेवटच्या पायऱ्यांना उजेड व पानातल्या खास पेशी लागतात. फ्लास्कमध्ये अजमॅलिसिन आणि सर्पेंटिन ही दुसरी अल्कलॉइडं शोधा. माध्यमात 2,4-डी हे वाढीचं संप्रेरक असेल तर तेही दबतात.

पानं उन्हात टाकू नका. सावलीत सुकवून ओव्हनमध्ये 40 अंशांवर ठेवा. पेशी व्हॅक्यूमवर गाळून फ्रीझ-ड्राय करा आणि गाळलेलं माध्यमही तपासा. ओल्या वजनावर टक्केवारी काढू नका, पेशींत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.

एक ग्रॅम भुकटी, 30 मिली मिथेनॉल, अर्धा तास सोनिकेटर, असं तीनदा. बाथमध्ये बर्फ टाकत राहा, पाणी तापतं. मिथेनॉल 40 अंशांवर उडवा, उरलेलं 10 मिली 3 टक्के सल्फ्युरिक आम्लात घ्या आणि हेक्झेनने धुवा. हिरवा रंग तिकडे जातो. मग बर्फात ठेवून अमोनियाने पीएच 9 करा. मे महिन्यात अमोनियाची बाटली आधी फ्रिजमध्ये गार करा, नाहीतर झाकण सैल करताच उसळून तोंडावर येते.

आता क्लोरोफॉर्म, 10 मिली तीनदा. घोळ इथेच होतो. थर वेगळे करायचं फनेल जोरात हलवलं की मधे ताकासारखा पांढरा थर बसतो. कंटाळून तो फेकला, तर अल्कलॉइडही गेलं. हळू उलटंपालटं करा. तरी थर आलाच तर चिमूटभर मीठ घाला, नाहीतर सेंट्रिफ्यूज करा. क्लोरोफॉर्मचा थर निर्जल सोडियम सल्फेटवरून काढून उडवा, 1 मिली मिथेनॉलमध्ये घ्या, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

एचपीएलसीवर सी-18 कॉलममध्ये आलेखावरच्या अल्कलॉइडच्या शिखरांना शेपूट फुटते, कारण ते सिलिकाच्या मोकळ्या सिलॅनॉल गटांना चिकटतात. 0.1 टक्का ट्रायइथिलअमाइनने बराच फरक पडतो. फॉस्फेट बफर वापरत असाल आणि लाइटचा भरवसा नसेल, तर यूपीएस हवाच. पंप मधेच बंद पडून बफर आत राहिला की क्षार बसतात. बोअरचं पाणी डिस्टिल करून भागत नाही, एचपीएलसी ग्रेडचंच घ्या.

विनब्लास्टिनच्या वेळेला शिखर आलं म्हणून ते विनब्लास्टिन ठरत नाही. त्याच नमुन्यात थोडं प्रमाणित द्रव्य, म्हणजे शुद्ध विनब्लास्टिन, घालून पुन्हा सोडा: एकच शिखर वाढलं तर ठीक, खांदा फुटला तर ते दुसरंच काहीतरी आहे. शिवाय मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वजन दाखवणाऱ्या आलेखात) 811 दिसायला हवा. प्रमाणित द्रव्याची कुपी फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नका. आत ओल धरली की वजन चुकतं, आणि पुढचं सगळं गणितही.