पन्नास रुपयांचा रकाना

पेडण्यात पोलीस ठाण्यात होतो, तेव्हा चारित्र्य पडताळणीचं काम माझ्याच गळ्यात असायचं. केंद्र सरकारची नोकरी लागली की उमेदवार एक फॉर्म भरतो, तो कलेक्टर, मग एसपी असं करत ठाण्यात येतो. घरी जायचं, शेजाऱ्यांना, पंचाला विचारायचं, ठाण्याचं रेकॉर्ड बघायचं. बहुतेकदा ‘विरुद्ध काही आढळले नाही’ लिहिलं की संध्याकाळी मोकळा.

त्या दिवशीचा मुलगा चोवीस वर्षांचा, नेमणूक गोपनीय कागद हाताळणाऱ्या खात्यात. वडील साठी उलटलेले, म्हणून मी आधी त्यांच्या राष्ट्रीयत्वाचा रकाना पाहिला. गोव्यात लोक तिथेच अडखळतात. जन्म १९६१ च्या आधीचा, दाखला पोर्तुगीज, कुणाचा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. पण इथे सगळं स्वच्छ होतं.

पुढच्या पानावर अटक? नाही. खटला? नाही. कोर्टाने दंड? नाही. या शेवटच्या ‘नाही’वर पेन इतका दाबला होता की अक्षरं मागे उमटली होती.

रेकॉर्डमध्ये निघाली धिर्यो, म्हणजे बैलांची झुंज. पाच वर्षांपूर्वी, पहाटे, कापणी झालेल्या शेतात. मामाच्या बैलाचं दावं याच्या हातात. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, गुन्हा कबूल, दंड ५० रुपये. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात त्याहून जास्त दंडच नाही!

घरी कोकम सरबत आलं. वडील म्हणाले, “सायबा, पन्नास रुपयांचं काय लिहायचं? एका ओळखीच्यानंच सांगितलं, काही दाखवू नको म्हणून.” मुलगा मान खाली घालून बसलेला.

मी फॉर्मचा वरचा मजकूर वाचून दाखवला : माहिती दडवली तर तीच अपात्रता. म्हटलं, धिर्योचं कुणी फारसं मनावर घेतलं नसतं, आता प्रश्न ‘नाही’चा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात म्हटलंय की किरकोळ गोष्ट दडवली असेल तर ती पोटात घालायची मुभा नेमणूक करणाऱ्याला आहे.

“मग तुम्हीच घाला ना पोटात.”

लोकांना वाटतं पास-नापास पोलीस करतात. आम्ही फक्त कळवतो. खोटं कशाला बोलू, सरबत संपेपर्यंत ती नोंद गाळायचा विचार माझ्याही मनात घोळत होता. शेवटी लिहिली. दंडाची रक्कम मात्र आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहिली, वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये म्हणून.

दीड महिन्याने तो कारणे दाखवा नोटीस घेऊन ठाण्यात आला. बाकावर बसून उत्तर लिहायला लागला. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर पहिलीच ओळ होती, ‘बैलाचे दावे माझ्या हातात होते.’ सोबत दंडाच्या पावतीची झेरॉक्स.

नोकरी मिळाली, पण उशिराने. त्याच्याबरोबर निवडलेले तोवर कधीच रुजू झाले होते.