ड्रायसूट, अंडरसूट आणि आम्ही दोघं

लेस्टरशायरमधल्या स्टोनी स्टँटन गावाजवळ ग्रॅनाइटची एक जुनी खाण आहे. ती पाण्यानं भरली, तिचं स्टोनी कोव्ह झालं आणि इंग्लंडभरचे डायव्हर आता तिथे बारा महिने येतात. ऐन हिवाळ्यात तिथलं पाणी चार-पाच अंशांवर उतरतं. आमचं ड्रायसूट, म्हणजे पाण्यात अंग कोरडं ठेवणारे डायव्हरचे पोशाख, दुरुस्त करण्याचं वर्कशॉप तिथून जवळच आहे.

2012 साली गॅरेजमध्ये सुरुवात केली तेव्हा काम एकच होतं, मनगटाचे आणि गळ्याचे लॅटेक्स सील, म्हणजे पाणी आत शिरू न देणाऱ्या घट्ट रबरी पट्ट्या, बदलायचं. लॅटेक्सला ऊन आणि तेल सोसत नाही. आधी ते चिकट होतं, मग तडकतं. सूट आला की मनगटांत बाटल्या आणि गळ्यात चेंडू बसवायचा, आत हवा भरायची आणि वरून साबणाचं पाणी ब्रशनं फिरवायचं. जिथे बुडबुडे येतात तिथे खडूची खूण करायची. आजही प्रत्येक सूट याच परीक्षेतून जातो.

पण गळती पूर्ण बंद केलेल्या सूटमध्येही माणसं कुडकुडत बाहेर येत, आणि आमच्या धंद्याला खरं वळण तिथे मिळालं. पातळ कापडाचा ड्रायसूट फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब देते ती त्याच्या आत घालायच्या जाड कपड्यात, म्हणजे अंडरसूटमध्ये, अडकलेली हवा. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ही हवा जिथे दबली तिथे थंडी शिरलीच. अंगाला घट्ट बसणाऱ्या पण आत पाणी येऊ देणाऱ्या वेटसूटचीही हीच अडचण. तो ज्या फेसाळ रबराचा असतो त्या निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे 10 मीटर खोलीवर निम्मे होतात आणि 30 मीटरवर चौथाई उरतात. म्हणजे सर्वांत गार पाण्यात पोचेपर्यंत सूट सर्वांत पातळ झालेला असतो.

माझी पत्नी शिवणकामात तरबेज. तिनं गिऱ्हाइकांचे अंडरसूट तपासायला घेतले. कुणी आत सुती टी-शर्ट घालत होतं, जो घाम धरून ठेवतो. कुणाचा अंडरसूट ड्रायसूटमध्ये इतका कोंबलेला की खांदे आणि गुडघे चेपून गेलेले. तिनं तो मापात बसवून द्यायला सुरुवात केली, अंगालगत लोकरीचा थर सुचवला, आणि आमच्याकडे अंडरसूटचं काम सीलच्या बरोबरीनं येऊ लागलं. तारकर्लीच्या उबदार पाण्यात डायव्हिंग शिकून इथे आलेली मराठी मुलं फोन करतात, "दादा, पाच मिलिमीटरचा वेटसूट चालेल ना?" जानेवारीत नाही चालणार, असं मी सरळ सांगतो. महागडा सूट घेऊ नका, आधी भाड्यानं घालून बघा, हेही सांगतो.

बॅटरीवर तापणाऱ्या जॅकेटबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्रानं 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की तळाशी गरम आणि वर येताना गार राहिलेल्या डायव्हरांना डीकम्प्रेशनचा त्रास, म्हणजे वर येताना अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा त्रास, जास्त होतो. ऊबदार अंगात रक्त जास्त फिरतं आणि नायट्रोजन जास्त शोषला जातो. गारठलेल्या अंगातून तो हळू निघतो. बॅटरी मध्येच संपली तर नेमकी हीच स्थिती ओढवते. म्हणून जॅकेट बंद असतानाही पुरेल एवढा अंडरसूट ज्याच्याकडे नाही, त्याला आम्ही ते विकत नाही. काही गिऱ्हाइकं नाराज होऊन जातात, आमची हरकत नाही.

2020 साली डायव्हिंगच बंद पडलं तेव्हा पोस्टानं सूट मागवायला लागलो. कपाटात घडी घालून ठेवलेले सूट, घडीवरच मोडलेल्या झिपा. झिप बसवायला वेळ लागतो, आणि तेव्हा तो आमच्याकडे भरपूर होता. आता निम्मं काम पोस्टानंच येतं, स्कॉटलंडहूनसुद्धा.

ऑक्टोबर उजाडला की रांग लागते. सील बदलायचे असतील तर सूट ऑगस्टातच पाठवा, वाळवून आणि गुंडाळून, झिप उघडी ठेवून. सोबत अंडरसूटही द्या, म्हणजे दोन्ही एकमेकांवर घालून माप बघता येतं.