तुम्ही विचारलंत म्हणून: क्यूबमधली कार्डं निवडता कशी?

कोणी नवीन माणूस आमच्याकडे ड्राफ्ट खेळायला आलं की पहिला डाव संपायच्या आत विचारतं, ही कार्डं निवडली कशी हो, आणि लगेच त्याच्या मागोमाग, अमुक कार्ड का नाही यात, एवढं भारी कार्ड आहे. मेसेजवरही हेच. दर वेळी मी काहीतरी अर्धवट सांगते, तेवढ्यात कुणाची तरी टर्न येते आणि विषय तिथेच राहतो, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढते.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ १९९३ साली आला, रिचर्ड गारफील्ड यांनी तो तयार केला, विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी छापते आणि आजवर त्यात २५ हजारांच्या वर वेगवेगळी कार्डं आलीयत. नेहमीचा ड्राफ्ट म्हणजे सीलबंद पॅक आणायचे, प्रत्येकाने आपला पॅक फोडून एक कार्ड ठेवून घ्यायचं, बाकीची शेजाऱ्याकडे सरकवायची, असं करत तीन पॅक संपवायचे आणि हाताला लागलं त्यातून ४० कार्डांचा डेक लावायचा, त्यात साधारण १७ लँड, म्हणजे माना (कार्ड खेळायला मोजावी लागणारी ऊर्जा) देणारी कार्डं, आणि बाकीची २३ कार्डं. क्यूबमध्ये फरक एवढाच की पॅक दुकानातून येत नाहीत. आपणच कार्डं निवडून मोठा गठ्ठा करायचा, प्रत्येक कार्ड एकदाच, मग तो पिसून पंधरा-पंधराचे पॅक लावायचे. आठ जण, प्रत्येकी तीन पॅक, पॅकमध्ये १५, झाले ३६०. माझा गठ्ठा तेवढाच आहे, आणि सगळी कार्डं कॉमन, म्हणजे पॅकमध्ये सगळ्यात जास्त निघणारी, नव्या कार्डांवर सेटचं (एका वेळी छापलेल्या संचाचं) चिन्ह काळ्या रंगात असतं ती. तर ब्लॅक लोटस का नाही, सोल रिंग का नाही (दोन्ही कॉमन नाहीत), या प्रश्नांचा निकाल इथेच लागला.

कॉमनच का, तर पहिलं कारण उघड आहे, पैसे. दुसरं म्हणजे जे लोक पॅक फोडतात त्यांच्याकडे कॉमन कार्डं खोक्यांत भरून पडलेली असतात आणि मागितली तर आनंदाने देतात, उलट घरातली अडगळ गेली म्हणून चहा पाजतात. आणि टेबलावर कुणाचा चहा सांडलाच तरी जीव जात नाही. पण खरं कारण तिसरं. कॉमनमध्ये एकट्याच्या जिवावर डाव जिंकून देणारी कार्डं फार कमी, त्यामुळे कुठलं कार्ड कुणाबरोबर जातं याचा विचार करावाच लागतो, आणि मला ड्राफ्टमध्ये मजा त्यातच येते.

आता मुद्द्याचं. कार्ड भारी आहे का, हे मी बघतच नाही, म्हणजे बघते पण शेवटी. आधी बघते की या कार्डाला टेबलावर गिऱ्हाईकं किती. मला दोन हवीत, तीन असली तर उत्तम, आणि ती वेगवेगळ्या डेकची हवीत.

उदाहरण घ्या कोर स्कायफिशरचं. दोन मानात उडणारं २/३ क्रीचर (लढणारं कार्ड; पहिला आकडा पॉवर म्हणजे किती मारतं, दुसरा टफनेस म्हणजे किती मार सोसतं), पण खाली ठेवलं की आपल्याच बाजूची एक गोष्ट परत हातात घ्यावी लागते. जो पांढऱ्या रंगात (कार्डांचे पाच रंग असतात) बारीक बारीक क्रीचर टाकून पटापट मारायला बसलाय त्याला हे हवंच, दोन मानात उडणारं २/३ कुठे मिळतंय, तो बिचारा एक लँड उचलतो आणि पुढे जातो. पण दुसरा एक जण असा डेक करतोय की क्रीचर खाली आलं की काहीतरी मिळतं, लाइफ (हे शून्यावर आलं की हरलात) नाहीतर कार्ड. त्याच्यासाठी ती अट म्हणजे दंड नाहीच, बक्षीस आहे, तो ते क्रीचर उचलून पुन्हा टाकतो आणि पुन्हा फायदा घेतो. एकाच कार्डाची तीच ओळ एकाला नडते आणि दुसऱ्याला पावते. अशा कार्डावर ड्राफ्टमध्ये खरी ओढाताण होते आणि कोण काय करतोय याचा अंदाज घ्यावा लागतो.

मलड्रिफ्टर तर याहून गुणी. पाच माना, उडणारं २/२, आल्या आल्या दोन कार्डं. घाई असेल तर तीन मानातही टाकता येतं, फक्त मग ते लगेच मरतं, दोन कार्डं मात्र देऊन जातं. निळ्यात सावकाश खेळणाऱ्याला ते असंच हवं असतं. पांढरा-निळा जोडणाऱ्याकडे एफेमरेट असलं तर तीन मानात मलड्रिफ्टर टाकायचं आणि ते मरायच्या आधी आणखी एका पांढऱ्या मानात एफेमरेट खेळायचं. म्हणजे ते क्षणभर बाहेर जाऊन परत येतं, आधीची दोन कार्डं मिळतातच, परत आल्याची आणखी दोन, आणि आता ते मरतही नाही, राहतं. पुढच्या टर्नला एफेमरेट फुकटात पुन्हा चालतं, म्हणजे अजून दोन. चार मानात एवढं सगळं, आणि हे कुणी पहिल्यांदा करतं तेव्हा टेबलावर जो आरडाओरडा होतो त्यासाठी मी एफेमरेटला कधी हात लावणार नाही. शिवाय काळा रंगवाला तेच मलड्रिफ्टर तीन मानात टाकून मुद्दाम मरू देतो आणि ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे मेलेल्या-वापरलेल्या कार्डांच्या ढिगातून, उचलून आणतो. झाली तीन गिऱ्हाईकं.

याच्या उलटची कार्डं म्हणजे फक्त आपल्या भावकीत चालणारी. ग्लिसनर एल्फ बघा, इन्फेक्टवालं, एका मानात १/१. ते लाइफ कमी करत नाही, पॉयझन देतं, दहा झाले की समोरचा हरला. आता डेकमध्ये इन्फेक्टवालं हे एकटंच असेल तर बाकीचे सगळे २० लाइफवर मारतायत आणि हे एकटं वेगळ्याच हिशोबात पॉयझन मोजत बसलंय, काही उपयोग नाही. ते चालवायचं तर इन्फेक्टची वीसेक कार्डं घालावी लागतात, ती वीस इन्फेक्ट खेळणारा सोडून कुणालाच नको असतात, म्हणजे त्या माणसाला ती आयती मिळतात आणि उरलेल्यांच्या पॅकमध्ये तेवढी भरती. २००४ च्या कामिगावा सेटमधली, आर्केन नावाच्या प्रकारच्या कार्डांना जोडायची ग्लेशियल रेसारखी कार्डं तशीच. सुंदर आहेत, मला फार आवडतात, फोल्डरमध्ये ठेवलीयत, क्यूबमध्ये नाहीत.

"पण ही दोन कार्डं एकत्र आली की डाव संपतो ना, ती घाला की" असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी साधा हिशोब. आठ जण जमणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं आहे, आम्ही बहुतेक वेळा चौघंच असतो. चौघं म्हणजे ३६० पैकी १८० कार्डं बाहेर येणार, अर्धीच. ठरावीक दोन कार्डं दोन्ही त्या दिवशी बाहेर असण्याची शक्यता साधारण चारात एकदा, आणि ती दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागायची तर अजून कमी. म्हणून मी जोड्या घालत नाही, एकाच जातीची पाच-सहा कार्डं इकडे आणि पाच-सहा तिकडे घालते, कुठलीही दोन आली तरी जमतं. उलामॉग्ज क्रशर आठ मानाचं ८/८ आहे, एग्झ्यूमने दोन मानात ग्रेव्हयार्डमधून उठवता येतं, झकास, पण एग्झ्यूम आलंच नाही तर ते हातात धोंडा. तरी ते ठेवलंय, कारण हिरवा रंगवाला लानोवार एल्व्ह्ज वगैरे लावून आठ मानापर्यंत सरळ चढतो आणि ते हाताने टाकतो. ते एक दुसरं गिऱ्हाईक नसतं तर क्रशर केव्हाच बाहेर गेलं असतं.

आता कुणी म्हणेल मग सगळ्यांनाच हवं असं कार्ड सगळ्यात चांगलं. नाही. बोनस्प्लिटर घ्या, एका मानाचं, कुठल्याही रंगाचं नाही, क्रीचरला लावायला अजून एक माना आणि पॉवर सरळ दोनने वाढते. ते पॅकमध्ये दिसलं की बाकीची चौदा कार्डं वाचायचीच गरज नाही, डोळे मिटून उचला. आठही जण गिऱ्हाईक असले की निवड उरतच नाही. अशी रंग नसलेली, सगळ्यांना चालणारी कार्डं मी हात आखडून घालते. माझ्या गठ्ठ्यात प्रत्येक रंगाची ५०, म्हणजे २५०, दोन रंगांच्या प्रत्येक जोडीला चार अशी ४०, लँड ४० आणि बिनरंगी फक्त ३०, त्यातही बरीचशी अशी की कुठल्या तरी एकाच प्रकारच्या डेकला जास्त शोभतात.

लँडवर लोक नाक मुरडतात. चाळीस लँड कशाला, त्याऐवजी अजून चाळीस खरी कार्डं आली असती म्हणे. अहो, पण दोन रंगांचा डेक चालणार कशावर. २००५-०६ च्या राव्हनिका सेटांमधल्या त्या दोन रंगांच्या लँड, ज्या येताना दुसरी एक लँड परत हातात द्यायला लावतात, त्या माझ्या दृष्टीने अख्ख्या क्यूबमधल्या सगळ्यात कामाच्या. कुणी लँड उचलतं म्हणजे कुणीतरी तेवढ्यात भारी कार्ड सोडून देतं, ते पुढच्याला मिळतं. आणि लँड कमी ठेवल्या तर होतं काय, जो एकाच रंगात मारत सुटतो तोच जिंकतो, कायम.

बारीकसारीक हिशोब एक सांगते, हा कुणी विचारत नाही पण सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. लाल रंगात तीन डॅमेजची कार्डं भरपूर आहेत, लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग आणि त्यांची सगळी चुलत भावंडं. तुम्ही अशी किती घालता त्यावर बाकीच्या चारही रंगांतल्या क्रीचरची किंमत ठरते. बोल्ट जास्त असले की टफनेस तीनवालं क्रीचर आणि टफनेस चारवालं क्रीचर यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मग हिरव्यातली चार टफनेसची कार्डं वाढवायची का, की लालमधलं एक कमी करायचं. मी बहुतेकदा लालमधलं कमी करते, कारण क्रीचर टाकणाऱ्याला दर वेळी ते मरताना बघावं लागलं तर तो पुढच्या वेळी येत नाही.

त्याच न्यायाने गार्डियन ऑफ द गिल्डपॅक्ट नाही. एकरंगी कार्डाने त्याच्यावर नेम धरता येत नाही, एकरंगी कार्डाचं डॅमेजही त्याला लागत नाही, आणि कॉमन क्यूबमध्ये जवळपास सगळं एकरंगीच. त्याच्याबरोबर पेस्टिलन्स असलं, जे काळा माना देत गेलात की सगळ्या क्रीचरना आणि दोन्ही खेळाडूंना एकेक डॅमेज करत राहतं, तर टेबल साफ होतं आणि गार्डियन तसंच उभं. पेस्टिलन्स मी ठेवलंय, त्याला उत्तरं आहेत. गार्डियनला समोरच्याकडे जवळपास उत्तरच नसतं, तो नुसता बसून हरायची वाट बघतो.

चूक की बरोबर हे कळतं कसं, तर पॅक परत येतो तेव्हा. आठ जणांत तुमचा पहिला पॅक फिरून नवव्या वेळी तुमच्याकडे येतो, सात कार्डं उरलेली असतात. त्या सातांत दर वेळी तेच ते कार्ड दिसायला लागलं की मी ते बाजूला काढून विचार करते. लगेच हाकलत नाही पण. काही कार्डं एकाच माणसाला हवी असतात आणि नवव्या वेळी ती परत आलेली बघून त्याचा चेहरा फुलतो, अशी थोडी असावीत. खेळ झाल्यावर डेकमध्ये न घेतलेली कार्डं परत देताना मी बघते. प्रत्येकाने ४५ उचललेली असतात, जवळपास निम्मी बाहेरच राहणार, पण कुठली राहिली ते बघायचं. आणि कुठलं कार्ड वाचायला लोकांना तीनदा उचलावं लागलं तेही. मजकूर लांबलचक असेल तर त्या कार्डाला माझ्याकडे वजा मार्क आहेत, नवीन माणसाने टेबलावर बसून निबंध वाचावा अशी माझी इच्छा नाही.

राहिला कॅपसाइझचा वाद. १९९७ चं निळं कार्ड, तीन मानात कुठलीही एक गोष्ट समोरच्याच्या हातात परत, आणि अजून तीन माना दिल्या की कॅपसाइझ स्वतःही आपल्या हातात परत. सहा माना झाल्या की दर टर्नला समोरच्याची एक लँड उचलत बसायचं. गिऱ्हाईकं भरपूर, उत्तर म्हणाल तर काउंटरस्पेल (समोरचा कार्ड खेळतानाच ते रद्द करणारं कार्ड) आहे, म्हणजे माझ्या नियमात बसतं. पण त्याने डाव संपत नाही, लांबतो, आणि पलीकडचे दोघं आपला डाव संपवून फोन बघत बसतात. आमच्यात यावर सरळ दोन तट आहेत. सध्या ते बाहेर आहे. ज्यांना ते परत हवंय त्यांनी निळ्यातल्या पन्नासांतलं कुठलं काढायचं तेही सांगायचं, आणि मलड्रिफ्टर म्हणायचं नाही.